वक्र जिना आणि त्याची भिंत : वास्तुआरेखनाच्या आज्ञावलींतील ‘भिंत’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

वास्तुकला व स्थापत्य अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांतून त्रिमितीय आरेखनाचे संगणकवर्ग आता चांगलेच रुळले आहेत. थोड्या सरावानंतर विद्यार्थी चार भिंती, दारे, खिडक्या आणि छप्पर अर्ध्या तासात पडद्यावर उभे करतो. हाच विद्यार्थी जेव्हा गोलाईने वर चढणारा जिना आखतो आणि त्या जिन्याच्या कडेने, त्याच्याबरोबरच चढत जाणारी भरीव भिंत घालू पाहतो, तेव्हा काम अडते. भिंत गोल होते, पण तिचा माथा आडवाच राहतो. माथा तिरपा कापला तर तो कोठे पायऱ्यांच्या खाली बुडतो, कोठे वर तरंगतो. दोन-तीन दिवस झगडल्यावर भरीव भिंतीच्या जागी काचेचा किंवा लोखंडी गजांचा कठडा येतो. आराखडा तपासणाऱ्या प्राध्यापकास तो विद्यार्थ्याच्या सौंदर्यदृष्टीचा निर्णय वाटतो. वस्तुतः तो निर्णय आज्ञावलीने घेतलेला असतो.

या अडथळ्याकडे सामान्यतः कौशल्याची उणीव म्हणून पाहिले जाते. अधिक सराव केला, एखादी जोड-आज्ञावली मिळवली, की प्रश्न सुटेल असे मानले जाते. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन निराळे आहे. या अडचणीचे मूळ आज्ञावलींनी गृहीत धरलेल्या ‘भिंत’ या व्याख्येत आहे. ती व्याख्या ओलांडण्यासाठी लागणारी भूमिती विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकलेला असतो. तिचा भिंतीशी संबंध मात्र त्याला कोणी दाखवलेला नसतो.

आज्ञावलीच्या लेखी भिंत म्हणजे काय?

१९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले तेव्हा संगणकाला भिंत ठाऊक नव्हती. ठाऊक होत्या त्या रेषा. दोन समांतर रेषांना भिंत म्हणायचे की नाली, हे पाहणारा ठरवीत असे. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड आणि पुढे २००० मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेले, २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलेले रेव्हिट यांनी हे चित्र पालटले. या आज्ञावलींत भिंत ही रेषा नसून वस्तू आहे. तिला जाडी असते, थर असतात, ती खिडकीला जागा देते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती मोजमापाच्या तक्त्यात आपली नोंद आपण करते. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा पाया हाच आहे.

परंतु वस्तूला नाव द्यायचे तर तिची व्याख्या करावी लागते. ती अशी झाली : तलविन्यासातील एक रेषा घ्यावी, सरळ किंवा वर्तुळकंसाची; तिला ठराविक जाडी द्यावी; आणि ती ठराविक उंचीपर्यंत सरळ वर उचलावी. वेगवेगळ्या आज्ञावलींमधील देवाणघेवाणीसाठी तयार झालेल्या आयएफसी या प्रमाण स्वरूपाच्या २०००च्या दशकातील आवृत्तीतही ‘प्रमाण भिंत’ म्हणून जो उपप्रकार सांगितला आहे, तो हाच. एकसारखी जाडी, उभे उचललेले शरीर, आणि फार तर माथा कापण्याची मुभा. यापलीकडील प्रत्येक भिंत नुसतीच ‘भिंत’. तिचा आकार ज्याने त्याने जमेल तसा वर्णावा.

ही व्याख्या चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. जगातील बहुसंख्य भिंती अशाच असतात, आणि व्याख्या साधी ठेवल्यामुळेच आज्ञावली वेगाने चालते. आक्षेप आहे तो ही व्याख्या किती हळू रुंदावली यावर. रेव्हिटमध्ये कललेली भिंत २०२१च्या आवृत्तीत आली, वर निमुळती होत जाणारी भिंत २०२२च्या आवृत्तीत. म्हणजे किल्ल्याच्या तटाची साधी निमुळती भिंत काढण्यासाठी या आज्ञावलीला दोन दशके लागली. भिंतीच्या दर्शनी आकाराची कड हवी तशी आखण्याची सोय तीत प्रारंभापासून महत्त्वाची मानली गेली. पण या सर्व काळात ती सरळ भिंतीपुरती राहिली, गोल भिंतीला मिळाली नाही. भिंतीचा माथा छपराला किंवा स्लॅबला चिकटवता येतो. जिन्याला मात्र चिकटवता येत नाही. जणू जिना आणि भिंत यांची इमारतीत कधी गाठच पडत नाही.

उलगडलेली भिंत

हा प्रश्न समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. एक बाटली आणि कागद पुरे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो बाटलीभोवती गुंडाळला, तर त्याचा कर्ण बाटलीवर मळसूत्रासारखा चढत जातो. हीच मळसूत्री रेषा. गोल जिन्याच्या पायऱ्यांची टोके जोडणारी रेषा याच जातीची असते. वृत्तचितीचे पृष्ठ उलगडून सपाट केले की ही वळणारी रेषा पुन्हा साधी सरळ रेषा होते. जिन्याला बसणारी गोल भिंत म्हणजे, उलगडून पाहिल्यास, एका तिरप्या सरळ रेषेने कापलेली भिंत. सरळ भिंतीला जी सोय आज्ञावली सहज देते तीच येथे हवी आहे. फक्त कापून झाल्यावर भिंत गुंडाळायची.

उदाहरणार्थ, अर्धे वर्तुळ वळून २.७ मीटर चढणारा जिना घेऊ. पायरीची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण १८ चढ; प्रत्येक चढास १० अंशांचे वळण. जिन्याच्या बाहेरच्या कडेची त्रिज्या २ मीटर, आतल्या कडेची ०.९ मीटर. बाहेरच्या कडेला २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत आहे. तिच्या जिन्याकडील पृष्ठाची लांबी सुमारे ६.२८ मीटर भरते, तर बाहेरील पृष्ठाची सुमारे ७.०१ मीटर. चढ दोन्हीकडे तोच, २.७ मीटर. तेव्हा एका बाजूने भिंतीचा माथा सुमारे २३.३ अंशांनी चढतो आणि दुसऱ्या बाजूने सुमारे २१.१ अंशांनी. एकाच भिंतीला दोन उतार आहेत. जिन्याच्या आतल्या कडेला तेवढ्याच जाडीची भिंत घातली, तर तिच्या दोन पृष्ठांचे कोन अनुक्रमे सुमारे ४३.७ आणि ५२.१ अंश येतात. फरक आठ अंशांहून अधिक. म्हणजे या भिंतीचा माथा सपाट नाही, तो पिळलेला आहे. गणितात या मळसूत्री पृष्ठाचा अभ्यास अठराव्या शतकातच झाला होता. म्यूनियेने १७७६ मध्ये त्याचे लघुतम पृष्ठ असणे दाखवले. असे पृष्ठ कागदासारखे सपाट उलगडत नाही. भिंतीची दोन्ही अंगे उलगडतात, माथा उलगडत नाही, आणि नेमका तेथेच विद्यार्थी अडतो.

बहुतेक विद्यार्थी पहिला प्रयत्न म्हणून तिरप्या सपाट प्रतलाने भिंत कापतात, कारण आज्ञावली तेवढेच सुचवते. सपाट प्रतलाने वृत्तचिती कापली की लंबवर्तुळ मिळते, आणि ते उलगडले की सरळ रेषा मिळत नाही, लाटेसारखी रेषा मिळते. वरील उदाहरणात पहिल्या व शेवटच्या पायरीवर बरोबर एक मीटर उंचीचा कठडा राहील असे प्रतल धरले, तर ४५ अंशांच्या वळणावर पायऱ्या ६७.५ सेंटिमीटर चढलेल्या असतात, पण भिंतीचा माथा ४० सेंटिमीटरदेखील चढलेला नसतो. तेथे कठडा सुमारे ७२ सेंटिमीटरच उरतो. १३५ अंशांवर तोच सुमारे १२८ सेंटिमीटर होतो. शाळेच्या किंवा घराच्या जिन्यावर २८ सेंटिमीटरची ही घट म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत तोल जाण्याचे पुरेसे कारण आहे.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही भिंतींचे घनफळ अगदी सारखे येते, सुमारे ३.५९ घनमीटर. वळणाच्या पहिल्या अर्ध्यात जेवढे घटते तेवढेच दुसऱ्या अर्ध्यात वाढते. त्यामुळे मोजमापाचा तक्ता ही चूक कधीही उघडी पाडणार नाही. ज्या तक्त्याच्या भरवशावर ही सारी पद्धती उभी आहे, तो येथे मुका राहतो.

उपाय की पळवाटा?

प्रचलित उपायांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. स्केचअपमध्ये वक्र रेषा मुळात वक्र नसतेच. ती सरळ तुकड्यांची साखळी असते. कंस काढताना साधारणपणे १२ तुकडे धरले जातात. अर्धवर्तुळाचा प्रत्येक तुकडा मग १५ अंशांचा होतो आणि २ मीटर त्रिज्येवर तो खऱ्या वक्रापासून मध्यभागी सुमारे १७ मिलिमीटर आत सरकतो. आतील गिलाव्याची जाडी साधारण १२ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत किती आहे ते कळते. शिवाय पायऱ्या १० अंशांच्या आणि भिंतीचे तुकडे १५ अंशांचे, तेव्हा सांधे जुळत नाहीत. तुकड्यांची संख्या १८ किंवा ३६ केली की हा भाग सुटतो. याच आज्ञावलीत एखादा छेद रेषेवरून ओढत नेण्याची सोय आहे; मळसूत्री रेषेवर ती वापरली तर छेद रेषेला काटकोनात राहतो आणि भिंत कलंडते. गवंड्याचा ओळंबा ज्या भिंतीला नापास करील, अशी भिंत पडद्यावर मात्र डौलदार दिसते.

ऱ्हायनोसारख्या पृष्ठप्रधान आज्ञावलीत मळसूत्री माथा बिनचूक काढता येतो. मात्र तिला तो भिंतीचा माथा आहे हे ठाऊक नसते. कपबशीचा कान आणि जिन्याची भिंत तिच्या दृष्टीने सारखीच. रेव्हिटला भिंत कळते पण हा आकार कळत नाही, ऱ्हायनोला आकार कळतो पण भिंत कळत नाही. वास्तुकाराला दोन्ही एकत्र हवे असते.

रेव्हिट वापरणाऱ्यांत रूढ झालेली एक युक्ती तर मासलेवाईक आहे. जिन्याच्या चढाप्रमाणे पिळलेले एक पातळ छप्पर तयार करायचे, भिंतीचा माथा त्या छपराला चिकटवायचा आणि मग ते छप्पर दृष्टिआड करायचे. भिंत बरोबर येते, तिचे थरही टिकतात. पण छपरांच्या तक्त्यात एक असे छप्पर शिल्लक राहते की जे कोणीही बांधणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीच्या आकाराचा ठोकळा जागच्या जागी घडवून त्याला ‘भिंत’ असे नाव देणे. तेव्हा गिलावा, वीट, गिलावा हे थर आपोआप मिळत नाहीत आणि जिना बदलला की ठोकळा मागे राहतो. तिसरा, आणि दुर्दैवाने सर्वाधिक प्रचलित मार्ग म्हणजे भिंत पूर्ण उंचीची ठेवून पुढे सरकणे. वरील उदाहरणात ती ५.६५ घनमीटरची होते, म्हणजे हव्या त्या भिंतीपेक्षा दोन घनमीटरांहून जास्त.

या तिन्ही मार्गांत पहिला, खोट्या छपराचा, सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागतो. त्यात निदान पिळलेल्या पृष्ठाची जाणीव आहे. फक्त ते पृष्ठ छपराच्या नावाने वावरते, कारण आज्ञावलीत छपराला वळण्याची परवानगी आहे आणि भिंतीच्या माथ्याला नाही.

जिन्यासोबत चढणारे बांधकाम

संगणकापूर्वीच्या बांधकामात हा प्रश्न या रूपात उपस्थितच होत नव्हता. मिनारातील जिन्यात पायरी, मधला खांब आणि बाहेरची भिंत ही थराथराने एकत्र वर येतात. १५९१ मधील चारमिनारच्या १४९ पायऱ्या चढताना भिंत आणि पायरी यांत आधी कोण आणि नंतर कोण हे वेगळे काढता येत नाही. जाड भिंतीच्या पोटातून जिना नेण्याची आपल्याकडील वाड्यांची रीतही याच समजुतीची. भिंत आधी आणि जिना तिला नंतर ‘बसवायचा’, किंवा उलट, हा क्रम आज्ञावलीच्या साधनपट्टीने आणला आहे. तेथे दोहोंची बटणे निराळी आहेत.

युरोपात मात्र दगड आधी घडवून मग रचण्याची परंपरा असल्यामुळे पिळलेल्या पृष्ठांची भूमिती आगाऊ सोडवणे भाग होते. फ्रान्समधील सेंट-जील येथील मठाचा बाराव्या शतकातील गोल जिना, त्याच्यावरच्या पिळत चढणाऱ्या दगडी कमानछतासह, पाथरवटांच्या पिढ्यांसाठी कसोटीचे काम होऊन बसला. फिलिबेर द लॉर्म याने १५६७ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. इंग्लंडमध्ये पीटर निकल्सन याने १७९२ च्या सुतारांसाठीच्या पुस्तकात जिन्याच्या वळणाऱ्या कठड्याच्या लाकडाची आखणी सांगितली. गास्पार मोंज याची वर्णनात्मक भूमिती १७९९ मध्ये ग्रंथरूपाने आली, तिच्यामागे दगड आणि लाकूड कापणाऱ्यांचा हा सारा अनुभव होता. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला आज शिकवला जाणारा आरेखन हा विषय तिचाच वारस आहे.

गवंड्याची रीत याहून सुटसुटीत आहे. मध्यबिंदूला खुंटी, तिला त्रिज्येएवढी दोरी. भिंतीच्या उभेपणासाठी ओळंबा. प्रत्येक पायरीपासून ठराविक उंचीची खूण. मग त्या खुणांवरून एखादी पातळ लवचीक पट्टी भिंतीला सपाट टेकवून धरायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. पट्टी कडेवर न वाकवता गोल पृष्ठाला सपाट लावली की ती आपोआप मळसूत्री रेषेवरच बसते, कारण उलगडलेल्या पृष्ठावर तीच सरळ रेषा असते. येथे गणित पट्टीने केलेले असते. दोन्ही अंगांना अशी रेघ मारून माथा त्रिज्येच्या दिशेने पाणसळीत ठेवला की पिळलेले पृष्ठ तयार. ज्या कामासाठी आज्ञावलीत खोटे छप्पर उभारावे लागते, ते काम ही पट्टी करते.

आराखड्यावरील आणि अध्यापनावरील परिणाम

साधन काय सहज करू देते यावर आराखडा काय होतो हे काही अंशी ठरतेच. कागद-पेन्सिलीच्या काळातही कंपासने वर्तुळ सोपे आणि लंबवर्तुळ अवघड होते. म्हणून आज्ञावलीला सारा दोष देणे अन्यायाचे ठरेल. तरी एक फरक आहे. कंपासला लंबवर्तुळ येत नाही हे विद्यार्थ्याला स्पष्ट दिसे. आज्ञावली मात्र वक्र जिना क्षणात काढून देते, कठडाही आपोआप लावते, आणि भरीव भिंतीच्या ठिकाणी गप्प बसते. हे गप्प बसणे अशक्यतेसारखे भासते.

ल कॉर्ब्यूझिए यांच्या पॉइसी येथील व्हिला साव्हॉय (१९२८–३१) या घरात अर्धवर्तुळात वळणारा जिना आणि त्याचा भरीव पांढरा कठडा हे आतील अवकाशाचे एक मुख्य शिल्प आहे. गज लावलेल्या कठड्यातून पायऱ्या दिसल्या असत्या; भरीव कठड्यामुळे चढणारा माणूस हळूहळू झाकला व उघडा होतो आणि हालचाल हीच रचना बनते. तो कठडा सरळ चढावरून वळणावर येतो तेथे उतार बदलतो, म्हणजे एका मळसूत्री रेषेनेही काम भागत नाही. फ्रँक लॉइड राइट यांच्या न्यूयॉर्कमधील गुगेनहाइम संग्रहालयात (१९५९) तर वर जाताना घेरच वाढतो. हे दोन्ही नमुने वर्गात नेहमी दाखवले जातात. त्याच वर्गातील विद्यार्थी पुढच्या तासाला आपल्या आराखड्यातील भरीव कठडा काढून गज लावतो, ही विसंगती मात्र चर्चेत येत नाही.

विसंगतीचे कारण बहुधा विषयांच्या वाटणीत आहे. वृत्तचितीचा उलगडा आणि तिच्यावर बारा भाग करून काढलेली मळसूत्री रेषा हा प्रथम वर्षाच्या आरेखनातील ठरीव प्रश्न. परीक्षा संपली की तो कागदाबरोबर गुंडाळून ठेवला जातो. संगणकीय आरेखन निराळ्या सत्रात, निराळ्या प्राध्यापकाकडे, बहुधा साधनपट्टीतील बटणांच्या क्रमाने शिकवले जाते. एकात रेषा आहे पण भिंत नाही. दुसऱ्यात भिंत आहे पण रेषा नाही. आज्ञावलींतील फूट येथे अभ्यासक्रमातही जशीच्या तशी आढळते, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

वरील १८ चढांच्या जिन्यासाठी विद्यार्थ्याला एक साधा तक्ता करता येतो : दर १० अंशांना १५ सेंटिमीटर, दोन्ही पृष्ठांवरील अंतरे बाहेरच्या भिंतीसाठी अनुक्रमे सुमारे ३४.९ आणि ३८.९ सेंटिमीटर. हा तक्ता जाड कागदावर आखून, कापून, दोन डब्यांभोवती गुंडाळण्यास एक तास पुरतो. त्यानंतर आज्ञावलीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला सपाट प्रतलाने कापलेली भिंत चुकीची आहे हे डोळ्यांनी कळते, कारण त्याने बरोबर भिंत हातात धरलेली असते. खोट्या छपराची युक्ती वापरायची की भिंत १८ उभ्या तुकड्यांत विभागून पायऱ्यांसारखीच टप्प्याटप्प्याची ठेवायची, हा मग त्याचा स्वतःचा निर्णय राहतो. टप्प्याटप्प्याची भिंत हाही वास्तुकलेतील एक सन्मान्य पर्याय आहे, फक्त तो निवडलेला असावा. आणि गज लावायचेच ठरले, तर तपासणाऱ्या प्राध्यापकाला त्याचे कारण विचारता येते व विद्यार्थ्याला ते सांगता येते.